मदत हवी आहे: सिम्युलेशनमध्ये होल्डर धडकतोय, मशीनवर काहीच नाही

कुडाळ_व्हीएमसी: व्हेरिकटमध्ये (मशीनिंगचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर) टूल बनवलंय. पॉकेट (जॉबमधला खोल खड्डा) मारताना लाल होतं, म्हणजे धडक दाखवतं. मशीनवर हाच प्रोग्राम चालतो, जॉब पास होतात. पार्टीला कोलिजन नसलेला रिपोर्ट उद्या हवाय. टूल धरणाऱ्या होल्डरचं मॉडेल पुन्हा पुन्हा काढून बघितलं. लवकर सांगा, एमआयडीसीत लाइट येऊन-जाऊन आहे.

आंबाघाट: होल्डर कुठला, टूल कुठलं, पॉकेट किती खोल, मटेरियल काय? जन्मवेळ न सांगता पत्रिका मांडायला सांगतोयस.

कुडाळ_व्हीएमसी: बीटी४०च, दुसरं काय असणार. ईआर३२ कोलेट (होल्डरमध्ये टूल आवळणारी बाही), १० मिमीचा कार्बाइड एंडमिल, पॉकेट ३८ मिमी खोल. एसएस ३१६, बोटीच्या पंपाचा पार्ट.

जुना_टूलरूमवाला: गेज पॉइंट, म्हणजे लांबी मोजायचं शून्य, तपासा. टेपरचा व्यास ४४.४५ येतो त्या पातळीला शून्य हवं. नवी मुलं कोलेटच्या नटाच्या तोंडावर शून्य धरतात, मग सगळंच सरकतं. आणि कॅटलॉगमधलं एसटीएल (३डी मॉडेलची फाइल) उतरवलं असेल तर इंच की मिमी ते बघा, एसटीएलमध्ये युनिट लिहिलेलं नसतं.

कुडाळ_व्हीएमसी: एसटीएल नाही काका, अर्धं प्रोफाइल काढून फिरवलंय. गेज लेंथ मोजली, जुळते.

रापण: कोलेट पुसून ठेवतंस काय रे? पावसात रातोरात गंज धरता. तेलाचो हात मारून डब्यात ठेव.

आंबाघाट: गंजाचं विचारलंय कोणी?

रापण: गंजलेल्या कोलेटान रनआउट येता मां, टूल वाकडा फिरता!

शिरोलीकर: ईआर सोडा, श्रिंक-फिट (गरम करून टूल बसवायचा होल्डर) घ्या. निमुळता असतो, धडकायचा प्रश्नच नाही. आम्ही तर सगळंच बदललं.

आंबाघाट: हीटरचे पैसे तुम्ही देणार का? कुडाळकर, लाल नेमकं किती खोलीवर होतं? आणि रिपोर्टमध्ये होल्डर लिहिलंय की शँक?

कुडाळ_व्हीएमसी: २२ च्या खाली गेलं की. शँक लिहिलंय, पण ते एकच ना?

आंबाघाट: एकच कसं? होल्डर टूल धरतो, शँक म्हणजे टूलचीच दांडी. फ्लूट (कापणारा भाग) किती लांब? टूल बाहेर किती?

कुडाळ_व्हीएमसी: फ्लूट २२, एकूण ७२, बाहेर ४२.

आंबाघाट: म्हणजे तळाला टेकल्यावरही नट पॉकेटच्या ४ मिमी वर. होल्डरला उगाच दोष देत होतास. फ्लूटच्या वरची शँकही १० चीच, आणि भिंत कापली तीही १० च्या टूलने. शँक त्या भिंतीला टेकून चालणार. ती न कापणारा भाग, म्हणून लाल. जॉबच्या भिंतीला वरच्या भागात चकाकणारा पट्टा येतो का?

कुडाळ_व्हीएमसी: येतो. पार्टी म्हणते फिनिश छान आहे.

शिरोलीकर: सोपं आहे. शँक डायमीटरला ९.८ भरा, लाल गायब. रिपोर्ट द्या, मोकळे व्हा.

जुना_टूलरूमवाला: आणि मशीनवर काय ९.८ होणार आहे? एच६ टॉलरन्सची शँक म्हणजे फार तर ९.९९१. रिपोर्ट खोटा देऊन सिम्युलेशन करायचंच कशाला?

शिरोलीकर: जॉब पास होतायत ना काका.

जुना_टूलरूमवाला: ३१६ घासून कडक होतं. एक दिवस टूल तुटेल तेव्हा बोला.

बेळगाव_मिलर: ४० मिमी लांब फ्लूटचं टूल घ्यायचं, झालं.

आंबाघाट: ३१६ मध्ये चॅटर (टूल थरथरल्याचा आवाज) ऐकत बसायचं मग. मान (फ्लूटच्या लगेच वरचा भाग) कमी केलेलं टूल घे, किंवा आहे त्याचीच मान घासून घे. ९.६ पुरे, फार नको. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतो, ९.६ ला त्या तुकड्यात १५ टक्के जातो. मॉडेलमध्ये फ्लूट २२ च ठेव, त्यावर मान ९.६, जिथपर्यंत घासलं असेल तिथपर्यंतच, मग शँक १०. मायक्रोमीटरने मोजून भर, अंदाजे नको.

कुडाळ_व्हीएमसी: मान घासायची तर आपलं साधं बेंच ग्राइंडर चालेल?

जुना_टूलरूमवाला: कार्बाइडला डायमंड व्हील लागतं. हाताने धरून तर अजिबात नको, मान गोल राहणार नाही.

कुडाळ_व्हीएमसी: मग उद्या होत नाही. कुडाळ-सावंतवाडीत सिलिंड्रिकल ग्राइंडरवर करून देणारं कोणी आहे का?

रापण: माझ्या मेवण्याकडे आसा, पण तो गणपतीपर्यंत काय फोन उचलूचो नाय.