धुरांड्याला जिप्सम नको, चुनाच बरा
फोंड्यातल्या नव्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात चुलीच्या धुरांड्याला जिप्समचा गिलावा करा, असं इथे कुणीतरी सुचवलंय. कृपया करू नका. सतत ५० अंशांपुढे तापलं की जिप्सममधलं पाणी हळूहळू उडतं आणि गिलावा भुसभुशीत होतो. शिवाय आपल्या पावसाळ्यात तो ओल धरतो ती वेगळीच! निव्वळ सिमेंट फार कडक, तापून-निवून तडे जातात. आमच्या डिचोलीच्या घरी चुन्याचा केला: १ भाग चुना, ३ भाग चाळलेली रेती, पातळ दोन थर. चिरा आधी भरपूर भिजवा, नाहीतर गिलाव्यातलं पाणी तोच ओढून घेतो. पहिला विस्तव महिनाभराने, आणि तोही मंद.