छाटलेल्या फांदीतले तीन नोड मागे का उरतात? (ग्राफविझ, प्रून)

नमस्कार मंडळी,

एका प्रोग्रॅमचं कुठलं मॉड्यूल कुठल्यावर अवलंबून आहे, त्याचा ग्राफ (मॉड्यूल म्हणजे नोड, अवलंबन म्हणजे बाण) डॉट फाइलमध्ये, म्हणजे ग्राफविझ या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मजकूर फाइलमध्ये काढलाय. चित्र इतकं दाटलंय की छपाईची अख्खी फांदी काढल्याशिवाय बाकीचं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ग्राफविझसोबत येणारं, फांदी छाटणारं प्रून हे साधन वापरतोय. लहान एनच्या पर्यायाने छपाई नोडचं नाव दिलं, मोठ्या एनने त्याला लाल रंग दिला. प्रून तो नोड जागेवर ठेवतं आणि त्याच्या खालचं छाटतं, त्यामुळे कुठे कापलंय ते चित्रात लगेच कळतं. ही सोय मला फार आवडली.

अडलंय पुढे. मूळ फाइल बरीच मोठी आहे, पण घोळ एवढ्यातही दिसतो:

मुख्य -> छपाई; मुख्य -> साठवण;
छपाई -> फॉन्ट; छपाई -> पान;
पान -> मांडणी; मांडणी -> रांग; रांग -> पान;
रांग -> नोंद; साठवण -> नोंद;

फॉन्ट गेला, ठीक. नोंद राहिली, तेही ठीक, साठवणीला ती लागतेच. पण पान, मांडणी आणि रांग तिन्ही शिल्लक! छपाईकडून पानाकडे येणारा बाण मात्र गायब. म्हणजे मुख्यपासून तिथे पोचायला वाटच नाही, तरी ते चित्रात आहेतच.

ग्राफचे एकमेकांशी जोडलेले तुकडे वेगळे करणाऱ्या सीकॉम्प्सला मुख्यचा तुकडा तेवढा मागून पाहिला. उपयोग नाही, कारण ते बाणाची दिशा बघत नाही आणि नोंदेमुळे सगळं एकाच तुकड्यात येतं. हाताने पुसायला बसलो तर चुकून भलतंच जाईल अशी भीती वाटते. कोणी मार्ग सुचवेल का?

प्रतिसाद:

तुमच्याकडे चक्र आहे (पान, मांडणी, रांग आणि पुन्हा पान), तेच आड येतंय. एखाद्या नोडमध्ये एकाहून जास्त बाण येत असतील तर प्रून त्याला हात लावत नाही. पानात छपाईचा बाण येतो आणि रांगेचाही. रांग स्वतःच छाटायच्या फांदीत आहे, हा विचार ते करत नाही. फांदीतल्या दोन वाटा पुढे एकाच नोडवर मिळत असत्या तर अडलं नसतं, कारण एकेक बाण तुटत शेवटी एकच उरतो. चक्रात तसं होत नाही, पहिलाच नोड सुटतो.

प्रूनच्या आधी फाइल ग्राफविझच्याच असायक्लिक या साधनातून काढा आणि त्याचं आउटपुट पाइपने प्रूनला द्या. चक्र मोडेल इतके बाण ते उलटे करतं. मुख्य नोड फाइलमध्ये सगळ्यात वर असू द्या, म्हणजे शोध तिथून सुरू होऊन रांग -> पान हाच बाण उलटेल. मग पानात एकटा छपाईचा बाण राहतो.

एक सांभाळा: फांदीबाहेर चक्रं असतील तर तिथलेही बाण उलटतील, आणि चित्र खोटं बोलेल. छाटून झाल्यावर मूळ फाइलशी ताडून पाहाच.

धागाकर्ता:

जमलं! तिन्ही गेले, नोंद जागेवर आहे. मोठ्या फाइलवरही चाललं. तुम्ही म्हणालात तसं साठवणीच्या बाजूला एक बाण उलटा झाला होता, तो मूळ फाइल बघून सरळ केला. मनापासून आभार. दोन संध्याकाळी यात गेल्या होत्या.