ग्लिका नेरा (क्रीट बेट): आईला घेऊन जायचंय. पायवाट की बोट?

रेणापूरची_लेक

नमस्कार मंडळी. मी लातूरची, माहेर रेणापूर. धाकटा भाऊ दीड वर्षापासून अथेन्सला नोकरीला आहे. सप्टेंबरात आई आणि मी त्याच्याकडं जाणार, त्यातले चार दिवस क्रीट बेटावर काढायचं ठरलंय. तिथल्या एका किनाऱ्याबद्दल भावानं सांगितलं, ग्लिका नेरा. बेटाच्या दक्षिणेला होरा स्फाकियोन नावाचं गाव आहे, त्याच्याजवळ कड्याखाली. गाडीरस्ता नाही. बोटीनं जायचं, नाहीतर कड्यातल्या पायवाटेनं. नावाचा अर्थच गोडं पाणी. समुद्राच्या काठाला गोटे उकरले की खालून पिण्याचं पाणी लागतं म्हणे.

हे ऐकल्यापासून आईला दुसरं काही सुचेना. बाकी काही दाखवलं नाही तरी चालेल, हे दाखव, म्हणते. तिचं वय ६६. सगळं आयुष्य शेतात गेलंय, चालायला ती भीत नाही, पण उजवा गुडघा उताराला दुखतो. समुद्र तिनं एकदाच पाहिलाय, गणपतीपुळ्याला. बोटीत कधी बसलेली नाही. घरात कुणी मांस-मासे खात नाही.

कुणी जाऊन आलं असेल तर सांगा. तिला चालवणं योग्य आहे का? आणि ते पाणी खरंच गोडं असतं, की नुसती सांगायची गोष्ट? तिथं जाऊन तिचा हिरमोड झाला तर मला फार लागेल.

धनेगावकाठ

ताई, आधी सरळ उत्तर. आईंना बोटीनं न्या. आणि पाणी गोडं आहे, मी पिऊन आलोय.

आम्ही नवरा-बायको २०२३च्या सप्टेंबरात गेलो होतो. हान्या शहरातून बस मिळते, दीड-दोन तास लागतात. आधी डोंगर चढते, अस्किफूचं पठार लागतं, आणि मग समुद्राकडं अशी उतरते की वळणांवर खाली बघवत नाही. आईंना गाडी लागत असेल तर गोळी आधीच द्या.

आम्ही जाताना चालत गेलो. होरा स्फाकियोनहून अनोपोलीकडं जाणाऱ्या डांबरी रस्त्यानं अडीचेक किलोमीटर जायचं. पहिल्या मोठ्या वळणावर डावीकडं पायवाट सुटते. युरोपात ई-फोर नावाची लांब पल्ल्याची पायवाट आहे, तिचाच हा तुकडा. दगडांवर पिवळ्या-काळ्या खुणा आहेत, त्यामुळं चुकायची भीती नाही. भीती दुसरीच. काही ठिकाणी वाट कड्यात कोरून काढलीय, डाव्या अंगाला खोल समुद्र आणि कठडा नाही. पायाखाली सुटे दगड. सगळं मिळून आम्हाला सव्वा तास लागला. माझी बायको रानात वाढलेली, तरी दोन ठिकाणी तिनं माझा हात धरला. दुखऱ्या गुडघ्यानं ती वाट उतरायची नाही. तुम्ही आणि भाऊ हौस म्हणून चालणार असाल तर सकाळी लवकर निघा, आणि तोवर आईंना एकटं सोडू नका.

येताना बोटीनं आलो. हंगामात होरा स्फाकियोनहून छोटी बोट तिथं जाते, पलीकडच्या लूत्रो गावाहूनही येते. लूत्रोलाही गाडीरस्ता नाही, बरं का, तिथली सगळी ये-जा बोटीनं नाहीतर पायी. समुद्र शांत असेल तर बोटीत काही जाणवत नाही. वारा असेल तर बोट सुटतच नाही, म्हणून चारातला पहिला दिवस यासाठी ठेवा. नाही जमलं तर दुसरा दिवस हाताशी राहतो. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच नावाड्याला विचारून घ्या.

आता पाण्याचं. जरा लांबेल, पण ते सांगायलाच लिहायला बसलोय.

आमच्या घराचा धंदा पाण्याचा. वडील विहिरी खांदायचे, मी बोअरची गाडी चालवतो. केज, कळंब, लातूर, सगळीकडं फिरलोय. चारशे-पाचशे फूट खाली गेल्यावरही नुसता फुफाटा वर येतो, आणि शेतकरी गाडीजवळ उकिडवा बसून त्या फुफाट्याकडं बघत राहतो, हे मी किती वेळा पाहिलं ते मोजलेलं नाही. उन्हाळ्यात मांजरा आटली की बाया वाळूत झिरे खांदायच्या, वाटीनं पाणी उपसून घागर भरायच्या. एका घागरीला अर्धा तास. माझ्या आईची अर्धी जिनगानी त्यात गेली.

तर त्या किनाऱ्यावर पोचलो. अर्धा किलोमीटरभर लांब, सगळा गोट्यांचा, मागं सरळ उभा पिवळट-करडा कडा. लोकांनी काठाला जागोजागी खळगे करून ठेवलेले. आम्ही मुद्दाम कोरी जागा धरली. बायको खाली बसली आणि हातानं गोटे बाजूला सारायला लागली, अगदी झिरा खांदतात तशी. हात कोपरापर्यंत आत गेला असेल, तळाला पाणी आलं. गढूळ नाही, स्वच्छ. थोडं थांबलो, खळगा भरला. ओंजळीनं प्यालो. खारटपणाचा मागमूस नाही, आणि गार इतकं की दात शिवशिवले. मागं वळून पाहिलं तर लाट आमच्यापासून सहा पावलांवर फुटत होती.

बायकोला रडू आलं. मलाही आलं. आजूबाजूचे लोक पोहत होते, पुस्तकं वाचत होते, त्यांना कळलं नसेल आम्हाला काय झालं ते. तुमच्या आईंना कळेल. त्यांचा हिरमोड होणार नाही, ताई, खात्रीनं सांगतो.

पाणी घेऊन झालं की खळगा बुजवा. आणि त्यात साबण किंवा खरकटं भांडं घालू नका, दुसरंही कुणीतरी तेच पाणी पिणार असतं.

वसमतचा_भूगोल

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे पाणी येतं कुठून, तेवढी भर घालतो. सव्वीस वर्षं हाच विषय शिकवलाय.

त्या कड्यामागं लेफ्का ओरी आहेत, म्हणजे पांढरे डोंगर. सगळ्यात उंच शिखर पाह्नेस, २,४५३ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्यावरून अंदाज घ्या. हिवाळ्यात तिथं बर्फ पडतो आणि वसंतात वितळतो. डोंगर चुनखडीचा. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो, ते पाणी किंचित आम्ल होतं आणि चुनखडीला हळूहळू विरघळवतं. हजारो वर्षांत फटींच्या नळ्या होतात, नळ्यांची भुयारं होतात. वर पडलेलं पाणी ओढ्यानं वाहायच्या आधीच आत उतरतं आणि डोंगराच्या पोटातून थेट समुद्रापर्यंत येतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून काठाशी ते खाऱ्याच्या वर तरंगून गोट्यांतून बाहेर पडतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती, तिथं तर वीतभराच्या आसपास. कोकणासारखा समुद्र वर-खाली झाला असता तर झऱ्यांवर दिवसातून दोनदा खारं पाणी चढलं असतं.

आपल्याकडं काळा पाषाण, लाव्ह्याचे थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तो पाण्यात असा विरघळत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. भेग सापडली तर बोअर लागला, नाही तर धनेगावकरांनी लिहिलाय तो फुफाटा. डोंगराच्या पोटात तळंच्या तळं भरून ठेवायची सोय आपल्या दगडाला नाही, म्हणून आपल्याला पाणी वरच अडवावं आणि मुरवावं लागतं. मी मुलांना हे दरवर्षी सांगत आलो, पण समोरासमोर ठेवायला इतकं चांगलं उदाहरण मिळालं नव्हतं. धनेगावकर, आभार.

अंबडची_सून

मी २०२२ला जुलैत गेले होते. जुलै टाळा, सप्टेंबर चांगला. सावली जवळजवळ नाहीच. छत्र्या भाड्यानं मिळतात, खायला एक छोटी खानावळ आहे, ती हंगामापुरतीच. कड्याच्या अगदी पायथ्याशी बसू नका. वरून दगड सुटतात, वाऱ्याच्या दिवशी जास्त. आणि एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवा, तिथं काही जण कपड्यांविना असतात. माझ्या सासूबाई आधी दचकल्या, मग बोटीच्या बाजूला तोंड करून निवांत बसल्या.

जेवणाची काळजी नको. स्फाकियाची पोळी जरूर खा, पातळ असते, आत मिझिथ्रा नावाचं मऊ चीज, वरून मध. सासूबाईंनी दोन खाल्ल्या. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, वर तेल आणि लिंबू. एक शब्द पाठ करून जा, निस्तीसिमो. त्यांच्या उपासाचं जेवण, त्यात मांस, दूध, अंडी नसतात. पण कोळंबी आणि माकूळ त्यांना उपासाला चालतं, तेवढं विचारून घ्या.

व्हिसाला उशीर करू नका. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, मोठ्यांची फी ९० युरो, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बोटांचे ठसे द्यायला आईंनाही स्वतः जावं लागेल, लातूरहून तो एक प्रवास धरून चला.

रेणापूरची_लेक

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोटीनंच जाणार, पहिल्याच दिवशी.

धनेगावकर दादा, तुमचं सगळं मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. झिऱ्यापाशी आले तेव्हा तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. एप्रिल २०१६ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी शहरात होते आणि ती गावाकडं. मी शहरातल्या टँकरची कौतुकं सांगायचे. ती स्वतः तेव्हा रात्री दोनला उठून आडावर नंबर लावायची, हे तिनं मला काल पहिल्यांदा सांगितलं. दहा वर्षांत एकदाही बोलली नव्हती.

आता तिनं तांब्या काढून ठेवलाय, तिच्या आईचा, पितळी. म्हणते ओंजळीनं नको, तांब्यानं पिईन. विमानात नेऊ देतात का?

धनेगावकाठ

देतात ताई. रिकामा ठेवा आणि त्यात मोजे-रुमाल भरा, जागा वाचते. आमच्यासाठीही एक घोट घ्या म्हणावं आईंना.