डेनव्हर ते उत्तर मिनेसोटा गाडीने, १० दिवस पुरतील का?

पायवाट_३०३

नमस्कार मंडळी, आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, ७ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (६८, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त), ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डेनव्हरहून निघून उत्तर मिनेसोटाला जायचं म्हणतोय. आठ वर्षं डोंगर बघून झाले आता जरा पाणी बघू असं घरात ठरलंय. एकूण १० दिवस आहेत, जाऊन येऊन. मी काढलेली यादी: कस्टर, माउंट रशमोर, क्रेझी हॉर्स, बॅडलँड्स, वॉल, मिचेलचा कॉर्न पॅलेस, मिनियापोलिसमध्ये एक दिवस, डुलुथ, ग्रँड मरे, ईली, व्हॉयाजर्स नॅशनल पार्क आणि जमलं तर इटास्का, कारण मुलाला मिसिसिपी जिथे सुरू होते तिथे उडी मारून नदी ओलांडायचीये. कनू (वल्ह्याची छोटी अरुंद होडी) पण करायचाय, कोणालाच येत नाही. नवरा यादी बघून फक्त हसला आणि टायर चेक करायला गेला. प्रश्न दोन: साउथ डकोटावरून जावं की नेब्रास्का-आयोवावरून सरळ? आणि यातलं काय उडवू?

वाऱ्यावरची_गाडी

जाताना साउथ डकोटा, डोळे झाकून. नेब्रास्का परतीला ठेवा, तेव्हा कोणालाच काही बघायचं नसतं फक्त घरी पोचायचं असतं.

पण आधी तारीख बदला!! ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिसची मोटरसायकल रॅली असते, लाखो बाइकवाले येतात, रॅपिड सिटीपासून कस्टरपर्यंत मोटेलचे भाव बघून भोवळ येईल आणि नीडल्स हायवेवर तुमच्या पुढे चाळीस आणि मागे चाळीस बाइक. आम्ही एकदा अजाणतेपणी सापडलोय त्यात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात निघा, आणि ब्लॅक हिल्स (कस्टर-रशमोरचा डोंगराळ भाग) जातानाच उरका.

रस्ता: शायानपर्यंत आय-२५, मग ८५ नंबरने लस्क, तिथून न्यूकॅसल आणि कस्टर. साधारण सहा तास धरा. लस्कला गॅस (पेट्रोल) भरा, वॉशरूमला जा, मुलाला "नाही आली" म्हणाला तरी पाठवा, कारण पुढे बराच वेळ गवत आणि कुंपण याशिवाय काही नाही. नीडल्स हायवेवरचा नीडल्स आय बोगदा जेमतेम ८ फूट रुंद आहे, उंचीही १० फुटांच्या आतच, तेव्हा छपरावर बॉक्स लावणार असाल तर गाडीची उंची आधी टेपने मोजून घ्या, तिथे तोंडाशी उभं राहून नवरा-बायकोने मोजणं बरं दिसत नाही (अनुभव).

अजून एक, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपल्याकडे कोलोराडोत रेग्युलर पेट्रोल म्हणजे ८५ ऑक्टेन, उंचीमुळे चालून जातं म्हणतात. खाली उतरलात की गाडीच्या मॅन्युअलमध्ये ८७ लिहिलंय ते पाळा. पश्चिम साउथ डकोटातही पंपावर सगळ्यात स्वस्त बटण ८५ चंच असतं, हात सवयीने तिकडेच जातो.

बॅडलँड्स दुपारी करू नका. सावली म्हणून नाही तिथे. संध्याकाळी सहानंतर लूप रोडने जा, जवळपास ४० मैलांचा आहे, जागोजागी गाडी लावून बघायला जागा आहेत म्हणजे सासूबाईंना चालायला नको. दुपारी जे डोंगर राखेच्या ढिगासारखे दिसतात त्यातले गुलाबी आणि पिवळट थर ऊन तिरकं झाल्यावर एकेक करून बाहेर येतात. आणि आय-९० वर आडवा वारा असतो, ताशी ८० मैलांची लिमिट आहे म्हणून ८० ने जायलाच पाहिजे असं नाही, छपरावर बॉक्स असेल तर नक्कीच नाही.

तळ्याकाठी

वरच्यांशी रस्त्याबाबत सहमत, पण ताई, तुमची यादी डोंगरवाल्यांची आहे. म्हणजे असं की डोंगरात आपण एका व्ह्यूपॉइंटवरून दुसऱ्यावर जातो, फोटो काढतो, पुढे. लेकचं, म्हणजे तळ्याचं, तसं नसतं. गाडीतून लेक बघितला तर पाणी दिसतं, पुढचा बघितला तर परत पाणी दिसतं, चौथ्या लेकला मुलगा टॅब मागतो. एका ठिकाणी तीन-चार रात्री बूड टेकवून बसलात तरच काय ते कळतं. सकाळी पाण्यावरचं धुकं, दुपारी धक्क्यावरून पाय सोडून बसणं, एवढंच असतं आणि तेवढ्यासाठीच जायचं असतं.

त्यात तुम्ही परतीचे दिवस धरलेच नाहीत. ईलीहून डेनव्हर साडेअकराशे मैलांच्या आसपास आहे. दोन दिवसांत केलंत तर पहिला आठ तासांचा आणि दुसरा दहाचा, गुडघेवाल्या माणसाला घेऊन तीन दिवस धरा. जायला चार. उरले किती?

माझं ऐकाल तर मिनियापोलिस, ग्रँड मरे, व्हॉयाजर्स तिन्ही उडवा. व्हॉयाजर्स सुंदर आहे पण त्या पार्कात फिरणं बहुतेक बोटीनेच असतं, बोटीशिवाय काठावरून परत याल. इटास्का ठेवा, मुलासाठी. उडी नाही मारता येत हं, दगडांवरून तोल सांभाळत जायचं, घसरला तर पाणी गुडघ्याएवढं, कोरडे मोजे गाडीत नको हातात ठेवा. शेजारी लाकडी खांब आहे, त्यावर लिहिलंय की इथून मेक्सिकोचं आखात २,५५२ मैल. सू फॉल्सवरून आय-२९ ने फार्गो आणि मग पूर्वेला वळलात की वाटेतच पडतं.

केबिन आत्ताच बघा. इथले बरेच रिसॉर्ट उन्हाळ्यात शनिवार ते शनिवार असं आठवड्याचंच बुकिंग घेतात, तीन रात्री म्हटलं की नाही म्हणतात. फोन करून विचारा की मध्ये उरलेल्या रात्री आहेत का, ऑनलाइन दिसत नाहीत त्या.

कनूबद्दल. ईलीजवळच्या बाउंड्री वॉटर्स या राखीव जंगलात हजाराच्या वर लेक आहेत आणि आत मुक्काम करायचा असेल तर मे ते सप्टेंबर परमिटचा कोटा असतो, बुकिंग जानेवारीच्या शेवटी उघडतं आणि चांगल्या जागा तेव्हाच जातात. पण तुम्ही नवखे आहात, एक दिवस जाऊन या ना. दिवसापुरतं वल्हवत जायचं तर फुकटचा फॉर्म असतो, एंट्री पॉइंटवर स्वतः भरायचा. खाण्यापिण्याचे टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत चालत नाहीत. नकाशावर पोर्टेजचं (एका लेकहून दुसऱ्यापर्यंत कनू उचलून न्यायच्या पायवाटेचं) अंतर रॉडमध्ये असतं, १ रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूच्या लांबीएवढं. ८० बघून आम्ही म्हटलं असेल ८० पावलं, निघाला पाव मैल, डोक्यावर ७० पौंडांचा अ‍ॅल्युमिनियमचा कनू आणि दोन्ही हात गुंतलेले, त्या वेळी डासांना काय आनंद झाला असेल विचार करा. कनू केव्हलरचा (हलक्या, मजबूत धाग्याचा) घ्या, भाडं जास्त पण बराच हलका.

वाऱ्यावरची_गाडी

@तळ्याकाठी मिनियापोलिस उडवणं ठीक आहे, पण लेक सुपीरियर न बघता परत? एवढं लांब जाऊन? किमान त्याच्या काठचं डुलुथ तरी.

तळ्याकाठी

बरं, डुलुथ घ्या, परतीच्या वाटेवर एक रात्र. ईलीहून १ नंबरच्या रस्त्याने खाली ६१ ला लागा, म्हणजे स्प्लिट रॉकचं दीपगृह वाटेत येईल. १९०५ च्या नोव्हेंबरच्या वादळात बरीच जहाजं आपटली म्हणून ते १९१० मध्ये सुरू झालं. मात्र हा १ नंबर वळणावळणाचा आणि झाडीतून आहे, अंधार पडायच्या आत उरका, हरणं येतात आणि मूसही (घोड्याएवढं मोठं हरीण). आणि सुपीरियरमध्ये पोहायचा बेत नको, जुलैतही पाय बधिर होतात. पोहणं आतल्या छोट्या लेकमध्ये.

पायवाट_३०३

बापरे, धन्यवाद दोघांनाही! परतीचे दिवस खरंच मोजले नव्हते, नवरा त्यालाच हसला होता म्हणे, तोंडाने सांगता येत नव्हतं का. आता असं: २ रात्री कस्टर, १ बॅडलँड्सजवळ, १ फार्गो (हा दिवस मोठा आहे, माहितीये), मग इटास्का करून ईलीजवळ ३ रात्री, १ डुलुथ, १ आयोवात कुठेतरी. शेवटचा दिवस जीवघेणा होणार पण आम्ही दोघं आलटून पालटून चालवू. रशमोर जाता जाता. कॉर्न पॅलेस उडवला, सासूबाई म्हणाल्या कणसं मी बघितलीयेत. त्यांच्यासाठी ईलीला कनूच्या दिवशी काय?

तळ्याकाठी

ईलीत लांडग्यांचं इंटरनॅशनल वुल्फ सेंटर आहे, काचेपलीकडे बसून बघता येतं. पण माझा अंदाज, त्या धक्क्यावर खुर्ची टाकून बसतील आणि हलणार नाहीत.

एकच, जाताना साउथ डकोटात मर्डोच्या जरा अलीकडे घड्याळ एक तास पुढे जातं, चेक-इनचा हिशोब त्याप्रमाणे करा. आणि रात्री लेकवरून कोणीतरी वेड्यासारखं हसल्याचा आवाज आला तर तो लून पक्षी आहे, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे नव्हतं सांगितलं, रात्री दोन वाजता सगळे दिवे लावून बसलो होतो.