२४ व्होल्टचा ट्रक, एका डिनची जागा: कोणता स्टिरिओ घ्यावा?

लांबपल्ला

नमस्कार मंडळी. ट्रकचा कंपनीचा टेप बदलायचा आहे (कॅसेट जाऊन जमाना झाला, नाव टेपच राहिलं). डिस्प्ले गेलाय आणि यूएसबी गाडी हादरली की सुटतो.

गाडी २४ व्होल्टची, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. बॅटरी बंद करायचा आयसोलेटर स्विच आहे. डॅशमधली खाच १८२ × ५३ मिमी, मागे एसीच्या डक्टपर्यंत खोली १६५ मिमी. दारांत दोन स्पीकर, ४ ओहमचे. हवंय ते एवढंच: ब्लूटूथवर बोलताना समोरच्याला नीट ऐकू जावं, यूएसबी, बरा एफएम, पुढेमागे रिव्हर्स कॅमेरा.

आता तीन सल्ले मिळालेत. एक, कारचा १२ व्होल्टचा सेट आणि कन्व्हर्टर (२४ चे १२ व्होल्ट करणारं खोकं). दोन, सरळ २४ व्होल्टचाच सेट. तीन, मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड. चौथा एक फुकटचा सल्ला असा की कन्व्हर्टर कशाला, दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर घे, १२ व्होल्ट तयारच आहेत. यातलं काय करू?

चोवीसव्होल्टी

चौथा सल्ला आधी निकालात काढू. मधल्या जोडावरून वायर घेतली की सेट फक्त खालच्या (मायनस बॉडीला असलेल्या) बॅटरीतून करंट ओढतो. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून साधारण २८ व्होल्ट देतो आणि चार्जिंगचा करंट दोघींतून सारखाच जातो. म्हणजे खालची रोज थोडी उपाशी राहते, आणि वरची पोट भरल्यावरही खात राहते. खालचीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, वरचीचं पाणी आटतं. मग दोन्ही बॅटऱ्या बदलायची वेळ येते आणि टेपवर कोणाला शंकाही येत नाही. मध्ये बॅटरी इक्वलायझर (दोन्ही बॅटऱ्यांचं चार्जिंग सारखं राखणारं यंत्र) बसवला असेल तरच हा जोड वापरायचा.

कन्व्हर्टर घेणार असाल तर या गोष्टी बघा.

तो स्विचिंग जातीचा हवा. जुन्या लिनियर रिड्यूसरमध्ये जास्तीचे व्होल्ट उष्णता होऊन जातात: २८ मधून १३.८ केले आणि सेटने ५ अँपिअर ओढले, तर (२८ − १३.८) × ५ = ७१ वॅट. डॅशच्या मागे ७१ वॅटची शेगडी झाली ती.

क्षमता सलग १० अँपिअर. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बहुतेक वेळा क्षणिक असतो, सलगचा आकडा बारीक अक्षरात शोधावा लागतो. साध्या आवाजाला सेट २-४ अँपिअर घेतो, पण ढोल वाजला की झटका ८-१० पर्यंत जातो. कन्व्हर्टर तोकडा असेल तर नेमका त्याच ठोक्याला सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि दोष सेटला लागतो.

आउटपुटला जादा व्होल्टेजपासून संरक्षण आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. स्वस्त कन्व्हर्टर मरतो तेव्हा आतला ट्रान्झिस्टर बऱ्याचदा शॉर्ट होतो, आणि मग २८ व्होल्ट थेट सेटवर येतात. या एका ओळीवर पैसे वाचवू नका.

जागा म्हणाल तर सेटच्या जवळच, पण सेटला चिकटवून नको. केबिनच्या पत्र्यावर, हवा लागेल असा स्क्रूने घट्ट बसवा. लांबची वायर २४ व्होल्टच्या बाजूला ठेवायची, कारण तिकडे करंट जवळपास निम्मा असतो आणि वायरमध्ये व्होल्टेज कमी पडतं. वायर २.५ चौरस मिमी. फ्यूज १० अँपिअरचा, तोही जिथून वायर घेतली तिथेच. सेटजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही. ती पत्र्याला घासून सोलली तर जळायला मोकळी.

मोकळाडॅश

१८२ × ५३ म्हणजे नेहमीची सिंगल डिनची खाच, त्यामुळे बाहेरच्या मापाची काळजी नको. अडचण खोलीची. सीडीवाला सेट साधारण १६० मिमी खोल असतो, त्यामागे कप्लर (वायरांचा प्लग) आणि वायरांचा जुडगा बसायला आणखी ४०-५० मिमी लागतात. तुमच्याकडे १६५ आहेत. तो जाणार नाही, आणि जबरदस्तीने घुसवला तर अँटेनाची पिन वाकेल. सीडी नसलेला आखूड सेट १०० मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, तोच घ्या. धक्के खाणारा भागही त्यात नसतो.

अँड्रॉइडचं म्हणाल तर या खाचेत स्क्रीन बसणार नाही, ती पुढे दांड्यावर तरंगती येते. ९-१० इंची स्क्रीनचं सगळं वजन त्या दांड्यावर. ट्रकच्या केबिनमध्ये ती सारखी थरथरते, हळूहळू स्क्रू ढिले होतात, आणि बहुतेक डॅशवर ती हॅझार्डचा स्विच किंवा एसीची जाळी झाकते. शिवाय हादऱ्यात टचवर बोट नेमकं पडत नाही. आवाजाला गोल फिरवायचं बटण असलेला सेट बघा. न बघता हाताला सापडतं तेच बटण खरं.

‘९ ते ३२ व्होल्ट’ असं जाहिरातीत लिहिलं असेल तरी सेटच्या पाठीवरचं स्टिकर वाचा. कारच्या सेटमध्ये जे अँप्लिफायरचे आयसी (चिप) असतात, उदाहरणार्थ टीडीए७३८८, त्यांची काम करायची मर्यादा १८ व्होल्ट आहे. म्हणजे २४ वर चालणाऱ्या सेटच्या आतच व्होल्टेज उतरवायची सोय असावी लागते. ज्यात ती खरोखर आहे असा २४ व्होल्टचा आखूड सेट ब्लूटूथसकट मिळाला तर माझं मत त्यालाच. कन्व्हर्टर, रिले (विजेने चालणारा स्विच), जादा जोड, सगळं वाचतं. मॉडेल मोजकीच असतात, आणि बाहेरचा अँप्लिफायर जोडायला आउटपुट बहुतेकदा नसतो, पण दोन स्पीकरना तो हवाय कशाला?

लांबपल्ला

२४ व्होल्टमध्ये जे दिसले त्यांना बाहेरचा माईक जोडता येत नाही, आणि मला फोन महत्त्वाचा. त्यामुळे १२ चा आखूड सेट आणि कन्व्हर्टर यावर आलोय.

जुना टेप काढून मीटर लावला. काळ्या कप्लरमध्ये ४ नंबरला चावी बंद असताना २५.४, ७ नंबरला चावी फिरवल्यावर तेवढेच, ६ नंबरला लाईट लावल्यावर २५, आणि ८ अर्थ (बॉडीचा मायनस). तपकिरी कप्लर सेटपासून सुटा असताना ४ नंबर आणि बॉडी यांत ०.३ ओहम दाखवतो, ६ नंबरलाही तसंच. हे बरोबर आहे का?

सोल्डरवाला

बरं झालं मोजलंत! तपकिरी कप्लरमध्ये ३-४ उजवा पुढचा स्पीकर आणि ५-६ डावा; विषम नंबर प्लस, सम मायनस. तुमच्याकडे दोन्ही स्पीकरचा मायनस बॉडीला टेकलेला आहे. जुन्या टेपला ते चालत होतं, नव्याला चालणार नाही.

कारण असं. आताच्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकर दोन अँप्लिफायरच्या मध्ये टांगलेला असतो. प्लस वर जातो तेव्हा मायनस खाली येतो. दोन्ही तारांवर कायम साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ७ च्या आसपास, उभं असतं. फरक शून्य म्हणून स्पीकर गप्प. यातली मायनस तार बॉडीला लागली की आयसीचं एक टोक सरळ अर्थला शॉर्ट. चांगला सेट ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद होतो, हलक्याचा आयसी जातो.

म्हणून दोन्ही दारांपर्यंत दोन-दोन नव्या तारा ओढा, ०.७५ किंवा १ चौरस मिमी पुरे. जुन्या तारा सेटकडे कापून टोकं स्लीव्हने बंद करा, आणि स्पीकरच्या मायनसवरचा बॉडीचा जोड तोडायला विसरू नका. दारातून केबिनमध्ये येताना तार रबरी नळीतूनच न्या. नाहीतर दार उघडून-मिटून बिजागरीपाशी तिचं कातडं सोललं जातं आणि आपण पुन्हा तिथेच येतो. काम झालं की चारही तारांचं बॉडीशी मोजमाप घ्या, मीटरने कुठेच काही दाखवता कामा नये.

नव्या सेटच्या हार्नेसवर (तारांच्या जुडग्यावर) पांढरी जोडी डावा पुढचा, करडी उजवा पुढचा. काळी रेघ असलेली तार मायनस. हिरवी आणि जांभळी मागच्या स्पीकरची, त्या चारही टोकांना वेगवेगळी स्लीव्ह घाला. दोन चॅनेल एकत्र करून ‘जास्त पॉवर’ काढायच्या भानगडीत पडू नका.

आणि ‘४ × ५०’ वर भाळू नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहमला खरे २० वॅटच्या आसपास निघतात, मग खोक्यावर कुठलंही नाव असो. दारातले स्पीकर लहान असतील तर सेटमध्ये हाय-पास फिल्टर (खालचा आवाज अडवणारा) आहे ना ते बघा, आणि ८० ते १०० हर्ट्झवर लावा. बास बूस्ट बंद. खालचा आवाज लहान कागदाला झेपत नाही, तो नुसता फडफडतो. तो काढून घेतला की तेवढ्याच वॅटमध्ये बोलणं आणि गाणं दोन्ही इंजिनाच्या वर स्वच्छ येतं.

चोवीसव्होल्टी

त्या मोजमापात आणखी एक सापळा आहे. ६ नंबरची वायर म्हणजे लाईट लावल्यावर डिस्प्ले मंद करणारी. ती सेटच्या नारिंगी तारेला जाते, आणि तिच्यात २५ व्होल्ट आहेत. कन्व्हर्टर बसवणारे पिवळी (कायम वीज, मेमरीसाठी) आणि लाल (चावीची) आठवणीने १२ वर आणतात आणि नारिंगी तशीच जोडतात. मग पहिल्या रात्री दिवे लावले की डिस्प्ले कायमचा मंद. ती सोडून द्या, स्लीव्ह घालून.

लाल तारेसाठी २४ व्होल्ट कॉइलचा रिले घ्या. ८६ ला ट्रकची ७ नंबरची वायर, ८५ अर्थ, ३० ला कन्व्हर्टरचे १२ व्होल्ट, ८७ सेटच्या लाल तारेला. कॉइलवर डायोड असलेला रिले मिळाला तर तो घ्या, चावी बंद करताना उडणारा झटका तिथेच मरतो. पिवळी थेट कन्व्हर्टरला. पिवळी-लाल उलट झाल्या तर चावी काढली की स्टेशनं आणि ब्लूटूथची जोडणी पुसली जाते. दर वेळी घड्याळ शून्यावर दिसलं की आधी हेच तपासायचं.

पिवळीसाठी कन्व्हर्टर कायम चालू राहणार, म्हणून त्याचा रिकामा खर्च बघून घ्या. ५० मिलीअँपिअर असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिनाभर उभ्या गाडीत ३६. आयसोलेटर पाडत असाल तर तो प्रश्न नाही, फक्त मेमरी जाईल. मेमरीच्या मोहाने आयसोलेटरच्या आधी, थेट बॅटरीवरून वायर घेऊ नका, ज्वलनशील माल असेल तर मुळीच नाही.

रिव्हर्स कॅमेऱ्याचंही हेच: रिव्हर्स लाईटवर २४ येतात. कॅमेरा १०-३० व्होल्टचा घ्या किंवा त्याला कन्व्हर्टरवरून वीज द्या, आणि सेटला जाणारा रिव्हर्सचा इशाराही रिलेतूनच. सेट साधा सिग्नल घेतो की एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा), ते कॅमेरा घेण्याआधी जुळवा. आणि अर्थातच सेटला स्क्रीन हवी.

खरखर_शून्य

एफएम बरा हवा म्हणालात म्हणून. स्विचिंग कन्व्हर्टर स्वतःच एक छोटा ट्रान्समीटर असतो. अँटेनाची केबल त्याच्यापासून निदान ३० सेंमी लांबून न्या, आणि १२ व्होल्टच्या तारांना कन्व्हर्टरपाशीच फेराइट (खरखर अडवणाऱ्या) कड्यात ३-४ वेढे द्या. तरी खरखर आली तर सेट कन्व्हर्टरपासून सोडवून सुट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघा. गेली तर दोष कन्व्हर्टरचा. राहिली तर अँटेनाचं बूड पत्र्याला नीट अर्थ आहे का ते आणि नंतर लावलेले एलईडी दिवे तपासा.

सगळीच स्टेशनं कमजोर येत असतील तर गोष्ट वेगळी. अँटेनाच्या बुडात अँप्लिफायर असेल आणि जुना टेप त्याला केबलमधूनच वीज देत असेल, तर नवा सेट ती देणार नाही. मध्ये वीज देणारा अँटेना अ‍ॅडॅप्टर लावायचा आणि त्याची तार सेटच्या निळ्या तारेला.

इंजिनाच्या आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर ती अर्थची. सेट आणि कन्व्हर्टर यांचा अर्थ एकाच बोल्टवर, रंग खरवडून, तारेच्या टोकाला लग (धातूची कडी) दाबून घ्या. डॅशच्या स्क्रूला गुंडाळलेली तार म्हणजे अर्थ नव्हे.

माईक आरशाजवळच्या खांबावर, तोंडापासून हातभर अंतरावर, एसीच्या झोताबाहेर. स्टिअरिंगच्या कॉलमवर लावला तर समोरच्याला फक्त इंजिन ऐकू येतं. सेटच्या पाठीमागचा बोल्ट पट्टीने डॅशच्या सांगाड्याला बांधाच. पुढच्या पत्र्याच्या चौकटीच्या चार जिभांवर सेट तोलला की तो नाचतो, आणि यूएसबी सुटतो तो त्यामुळेच.

लांबपल्ला

तारा ओढायला घेतोय. सेट जोडण्याआधी कन्व्हर्टर ठीक आहे हे कसं बघू? नुसता मीटर लावला तर १३.८ दाखवतो.

चोवीसव्होल्टी

रिकाम्या कन्व्हर्टरचं व्होल्टेज काही सांगत नाही. १२ व्होल्ट २१ वॅटचे इंडिकेटरचे चार बल्ब समांतर जोडून त्याच्यावर टाका, साधारण ७ अँपिअर होतात. इंजिन चालू ठेवून अर्धा तास जळू द्या. मीटर १३.५ च्या खाली जाऊ नये, आणि कन्व्हर्टरच्या अंगावर हात ठेवता आला पाहिजे. मग इंजिन बंद करून पुन्हा स्टार्टर मारा आणि बल्बकडे बघा: क्षणभर मंद झाले तर चालेल, भपकन उजळले तर तो कन्व्हर्टर परत करा.