गॅरेजची तालमीची खोली करायची आहे, शटरचं काय करू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागाला लागून आमचं जुनं बैठं घर आहे. आवारात वडिलांनी पद्मिनीसाठी बांधलेलं गॅरेज आहे. गाडी कधीच विकली. आता तिथं सायकली, रद्दी आणि गणपतीच्या आराशीची खोकी असतात. आतून माप १८ फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच. तीन बाजूंना नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, पुढे ८ बाय ७चं पत्र्याचं शटर, मागे एक झरोका.

आमचा सात जणांचा ग्रुप आहे. भावगीतं, नाट्यपदं, अभंग. कोजागिरी, एकसष्टी, मंडळांचे कार्यक्रम असं चालू असतं. मी गाते आणि पेटी धरते. बाकी तबला, ढोलकी, कीबोर्ड, बेस गिटार, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम). एवढ्यावर कुणाच्या तरी हॉलमध्ये भागत होतं. आता माझा भाचा पुण्याहून परत आलाय आणि येताना खराखुरा ड्रमसेट घेऊन आलाय. त्याला नाही म्हणवत नाही, मुलगा वाजवतो चांगलं.

अडचणी दोन. शेजारच्या काका-काकूंची झोपायची खिडकी शटरपासून बारा फुटांवर आहे. काकू एका शब्दाने बोलत नाहीत, फक्त खिडकी लावून घेतात, आणि ती कशी लावली यावरून मला काय ते समजतं. दुसरी अडचण कृष्णामाई. २०१९ला गॅरेजमध्ये कमरेच्या वर पाणी होतं, २०२१लाही आत आलंच.

एका दुकानदाराने चारही भिंतींना फोम लावायचा सल्ला दिलाय. बजेट दोन लाख, ओढूनताणून सव्वादोन. फोमने काम होईल का? आणि शटर तसंच ठेवलं तर चालेल का?

ठेका

ताई, कशाला खर्चात पडता? कॉलेजात असताना आम्ही मित्राच्या गॅरेजमध्ये अंड्याचे ट्रे लावले होते. खोलीतला घुमारा एकदम गेला. बाहेर थोडा आवाज येतो, पण गणपतीआधी महिना-महिना ढोलांचा सराव चालतो तेव्हा कोण काय बोलतं? चार दिवस संध्याकाळी तालीम, त्यात काय एवढं.

फेडरवाला

ताई, मी कोल्हापूरचा. ऑर्केस्ट्रा, नाटक, भजनी मंडळ, सगळ्यांचा साऊंड केलाय, केस त्यातच पिकले. जरा लांबण लागेल, वाचा निवांत.

ठेका म्हणतात ते अर्धं खरं आहे. ट्रे काय आणि फोम काय, खोलीतला वरच्या पट्टीचा घुमारा खातात. आवाज बाहेर जायचा थांबत नाही, कारण आवाज अडवायला वजन लागतं आणि फोमला वजनच नसतं. ड्रमचा बूम आणि बेस तर फोमला जुमानतही नाहीत. आणि ढोलाचं म्हणाल तर त्याच कारणाने शेजाऱ्यांची सहनशक्ती सप्टेंबरपर्यंत संपलेली असते. तुम्हाला उरलेलं वर्ष काढायचंय.

आता हिशेब. ड्रमसेट बंद खोलीत १०० ते १०५ डेसिबल सहज देतो. तुमची नऊ इंची प्लॅस्टर केलेली भिंत अंदाजे ५० डेसिबल खाते. म्हणजे भिंतीपलीकडे उरतात पन्नास-पंचावन्न, चाललं. पत्र्याचं शटर खातं पंधरा, फार तर वीस. म्हणजे काकूंच्या खिडकीच्या दिशेने पंच्याऐंशी निघाले. तुमची पुढची भिंत १० बाय ९, नव्वद चौरस फूट. त्यातलं छप्पन्न चौरस फूट शटर. निम्म्याहून जास्त भिंत पत्र्याची आहे आणि दुकानदार तुम्हाला उरलेल्या तीन चांगल्या भिंतींवर पैसे घालायला सांगतोय!

तेव्हा सगळा पैसा आधी पुढच्या बाजूला. शटर काढू नका, ते राहू दे बाहेरून. त्याच्या आत हातभर जागा सोडून नवी विटांची भिंत घ्या, नऊ इंची, दोन्ही अंगांनी सिमेंट प्लॅस्टर. बाहेरून गॅरेज गॅरेजच दिसेल, उद्या घर विकायचं झालं तर भिंत पाडता येईल. फक्त गवंड्याला सांगा, नुसत्या कोब्यावर एवढी भिंत चढवायची नाही, खाली पाया घ्यायचा. नाहीतर पहिल्या पावसात तडा, आणि तडा म्हणजे आवाजाला वाट.

या वाटांबद्दल लोक समजूनच घेत नाहीत. फुटक्या घागरीचं जसं, भोक केवढं ते बघायचं, घागर किती जाड ते नव्हे. एरवी दणकट असलेल्या भिंतीत शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तर ती भिंत कितीही जाड करा, वीस डेसिबलच्या वर अडवत नाही. तीन फुटी दाराखाली अर्ध्या इंचाची फट ठेवलीत की नव्वद चौरस फुटांच्या त्या भिंतीचं काम अठ्ठावीस-एकोणतीसवर येऊन बसतं. मग विटा कशाला रचल्या? म्हणून दार भरीव घ्या, पोकळ फ्लश डोअर नको. बाहेर उघडणारं. चारी बाजूंना रबराची पट्टी. आणि उंबरा घाला. हल्ली घरांतून उंबरे गेले, पण दार खालून टेकायला त्यासारखं काही नाही. मागचा झरोका विटांनी बुजवा.

बुजवला की लगेच पुढचा प्रश्न, आणि हा मी फार खोल्यांमध्ये बघितलाय. खोली १६२० घनफूट, म्हणजे ४६ घनमीटर. सात जण तासभर आत बसले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड ३००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत तीन हजार) वर जातो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो, हजाराच्या वर गेला की खोली कोंदट वाटायला लागते. गाणारे जास्तच श्वास घेतात. मग अंतऱ्यात सूर उतरायला लागतो, सगळे म्हणतात आज मूड नाही. मूडचा काही संबंध नसतो. स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत देतो, ताजी आणत नाही. त्यासाठी सहा इंची दोन पाइप, एक आत एक बाहेर, पंख्यासह. दोन्ही सरळ भिंतीतून काढू नका. प्लायच्या खोक्यात तीन-चार वळणं द्या आणि खोक्याला आतून रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, लावा. हवा वळणं घेत जाते, आवाज वळणावर मरतो. खोकी काकूंच्या बाजूला नकोत, मागच्या बाजूला.

आता खोलीच्या आतलं. दहा फूट रुंदीत ५६ हर्ट्झ घुमतो आणि नऊ फूट उंचीत ६२ हर्ट्झ. हे दोन जवळजवळ आले की तिथले बेसचे सूर अचानक मोठे वाटतात आणि भाचा म्हणेल मी तेवढ्याच जोरात वाजवतोय. कोपऱ्यांत रॉकवूलची जाड भरणी करा, जमिनीपासून वरपर्यंत. भिंतींवर पॅनेल: दोन बाय चार फुटांची लाकडी चौकट, आत दोन इंची रॉकवूल, घनमीटरला ४८ किलो घनतेचं, वरून मांजरपाट. काम करताना पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं, नाहीतर खाज सुटते. स्लॅबलाही चार-सहा लटकवा, तबलजीच्या डोक्यावर आधी. खाली सतरंज्या. घरात जुन्या वाकळा असतील तर त्याही भिंतीला टांगा, लाज वाटायचं कारण नाही.

यातून बाहेर जाणारा आवाज थेट फारसा कमी होत नाही. पण आत घुमारा कमी झाला की प्रत्येकाला स्वतःचं ऐकू येतं, मग तबला चढला म्हणून कीबोर्ड चढवा, कीबोर्ड चढला म्हणून माइक चढवा, ही शर्यत थांबते. तिथं तुमचे पाच-सहा डेसिबल वाचतात.

ड्रम जमिनीवर नको. प्लायचा दोन थरांचा चौथरा करा, मधे टेनिस बॉल, खालच्या थरात भोकं पाडून बसवायचे. लाथेच्या ड्रमचा धक्का जमिनीतून घराच्या पायात आणि तिथून शेजारी जातो, तो तिथं बराच तुटतो. रात्री मात्र भाच्याला सरळ ऑक्टोपॅडवर बसवा. रागावला तर माझं नाव सांगा.

आणि विटा आणायच्या आधी एक फुकटचं काम. गॅरेजमध्ये ड्रम वाजवायला लावा आणि स्वतः काकूंच्या त्या खोलीत खिडकी लावून बसा. त्यांनाही बसवा. कशाचा त्रास होतो ते त्याच सांगतील.

कृष्णाकाठ

फेडरवाला दादा, प्रिंट काढून गवंड्याला दिलं. पण पुराचं राहिलं. रॉकवूल भिजलं की संपलं ना? आणि पावसाळ्यात तबल्याचं काय? आमचा तबलजी तबला काळी दोनच्या सुराला लावतो आणि ऑगस्टमध्ये दर दोन गाण्यांनी हातोडी शोधतो.

फेडरवाला

हां, ते सांगतो. जिप्सम बोर्ड अजिबात नको, एका पुरात लगदा. म्हणून तर विटा आणि सिमेंट सांगितलं. पॅनेल भिंतीला चिकटवू नका, खुंट्यांवर अडकवा. एकेक चार-पाच किलोचं, एक माणूस सहज उतरवतो. कोपऱ्यातली भरणीसुद्धा सुट्या ठोकळ्यांची, एकावर एक रचलेली. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की पॅनेल, चौथरा, वाद्यं सगळं माळ्यावर. ४५ला धोका पातळी, तोवर थांबायचं नाही. २०१९ला ५७च्या वर गेलं होतं, तुम्हाला मी काय सांगणार. सॉकेट आणि बोर्ड छातीच्या वर, वायरिंग वरून खाली आणा. दार पाण्याने फुगतं, ते बिजागऱ्यांतून काढता येईल असं करा.

तबल्याचं असं की बंद खोलीत ओल साठते आणि पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत ठेवायची. तालमीआधी अर्धा तास एसी ड्राय मोडवर, आणि दहा-वीस रुपयांची सिलिका जेलची पाकिटं तबल्याच्या पिशवीत. खोली रोज थोडी उघडी ठेवा, वापर नसला तरी. पेटीच्या आतल्या सुरांच्या पट्ट्यांनाही गंज चढतो, ते मिरजेतला कुठलाही पेटीवाला सांगेल.

नकाशापास

व्यवसायाने सिव्हिलवाला. कागदाकडे कुणी बघितलेलं दिसत नाही म्हणून लिहितो. मंजूर नकाशात ते पार्किंग म्हणून दाखवलं असेल तर कायमची भिंत घालण्याआधी महापालिकेतलं काम करणाऱ्या आर्किटेक्टला नकाशा दाखवा. पार्किंगची जागा बहुधा एफएसआयमध्ये (प्लॉटवर मंजूर असलेल्या बांधकामाच्या क्षेत्रात) धरलेली नसते, तिचा वापर बदलला की प्रश्न येतो. शेजाऱ्याने तक्रार केली तर अधिकारी डेसिबलच्या आधी नकाशा मागतो, असा माझा अनुभव आहे. स्वतःच्या ग्रुपची तालीम वेगळी. तासावर भाड्याने द्यायला लागलात तर घरपट्टी बिगरनिवासी दराने आणि महावितरणचं मीटर व्यापारी, हे धरून चला.

आवाजाचा नियम २००० सालचा आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. खाजगी जागेतल्या वाद्याचा किंवा साऊंड सिस्टिमचा आवाज तुमच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाचने जास्त चालतो, त्यापुढे नाही. म्हणजे कंपाउंडच्या भिंतीशी दिवसा ६० आणि रात्री ५०. मोबाइलवरचं अॅप अंदाजापुरतं ठीक, वादात उपयोगाचं नाही. शंभर मीटरच्या आत दवाखाना किंवा शाळा असेल आणि शासनाने तो भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल, तर मर्यादा आणखी खाली.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची तालीम माझ्याच गॅरेजमध्ये होते. दोन गाड्यांचं गॅरेज, घराला चिकटलेलं, पुढे गुंडाळत वर जाणारं दार. आम्ही दारामागे लाकडी सांगाडा उभारून दोन थर ड्रायवॉल (तोच जिप्सम बोर्ड) लावला, मधे इन्सुलेशन. पुराची भीती नाही म्हणून चाललं, तुम्हाला नाही चालणार. एक गोष्ट मात्र तुम्हालाही लागू: वीज. तीन वर्षं गिटारचा ६० हर्ट्झचा घूं ऐकून घेतला, शेवटी सगळी उपकरणं एकाच लाइनवर घेतली तेव्हा गेला. तुमच्याकडे तो पन्नासचा असेल.

फेडरवाला

एडिसनकर बरोबर बोलले, विसरायच्या आत त्यात भर घालतो. गॅरेजला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या, आणि तिच्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). अर्थिंग नीट तपासून घ्या. बेसवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माइकला, अर्थिंग नसलं तर झटका ओठाला बसतो. पंख्याचा डिमर त्या लाइनवर नको. आणि कीबोर्ड, मिक्सर, बेसचा अॅम्प सगळे एकाच ठिकाणाहून. दोन भिंतींच्या दोन सॉकेटांवर टाकले की घूं आलाच.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. काल काकूंकडे बसून ऐकलं. ड्रमपेक्षा त्यांना बेस जास्त त्रास देतो, खिडकीची काच थरथरते म्हणाल्या. ढोलकी मात्र आवडते, ती चालू ठेवा असं सांगितलं! काकांची अट, दुपारी दोन ते चार काही नाही. नकाशा उद्या आर्किटेक्टकडे देते, तोवर विटा नाहीत.

एकच शंका. उंबरा किती उंच? बेसचा अॅम्प चाकांचा आहे आणि पेटी मी एकटीच आत-बाहेर नेते.

फेडरवाला

एक इंच पुरे. दाराची खालची कड त्याला रबरासकट टेकली पाहिजे, बस. अॅम्पसाठी आतून-बाहेरून फळीचा उतार ठेवा, सुटा, दार लावताना उचलायचा. बेसचा अॅम्प काकूंकडच्या भिंतीला पाठ करून ठेवू नका, खोलीच्या मध्याकडे आणा आणि खाली जाड रबर मॅट. तरी काच थरथरलीच तर अॅम्प बंद करून बेस सरळ मिक्सरमध्ये द्या, सगळ्यांनी हेडफोन लावायचे.