छपाईपूर्वी फोटोला शार्पनिंग (कडा अधिक रेखीव करणे) करावे की करू नये?

धागाकर्ता, नौपाडा (ठाणे)
आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी तिच्या लग्नाचा 4 बाय 6 इंचांचा कृष्णधवल फोटो मी 600 डीपीआयवर (इंचाला 600 पिक्सेल) स्कॅन केला आणि 12 बाय 18 इंचांत मॅट कागदावर छापून घेतला. संगणकाच्या पडद्यावर नथीचा एकेक मोती सुटा दिसत होता. छापील प्रतीत मात्र त्या मोत्यांचा मिळून एक पांढरट ठिपका झाला. यात लॅबची चूक नव्हती. स्कॅन करताना थोडी धार जाते, आकार वाढवला की आणखी जाते आणि मॅट कागदात शाई मुरून तिचा ठिपका पसरतो, तेव्हा उरलीसुरलीही जाते. ही झीज भरून काढणे म्हणजे फोटोशी प्रतारणा नव्हे, तो छपाईचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. फक्त शार्पनिंग सर्वांत शेवटी, आकार आणि कागद ठरल्यावर करावे आणि मूळ स्कॅन जसाच्या तसा जपून ठेवावा.

प्रतिसाद, नेरूळ
मी सहमत नाही. शार्पनिंगने गेलेला तपशील परत येत नाही. कडेची गडद बाजू अधिक गडद आणि उजळ बाजू अधिक उजळ होते, एवढेच. ती कड मोत्याची आहे, ओरखड्याची आहे की धुळीच्या कणाची, हे त्या साधनाला कळत नाही. माझ्या वडिलांचा स्टुडिओतला फोटो जुन्या खरबरीत पोताच्या कागदावर होता. शार्पनिंग केल्यावर त्यांच्या गालांवर चाळणीसारखी जाळी उमटली आणि ती प्रत पाहून आईने विचारले, "यांना देवी कधी आल्या होत्या?" जुना फोटो मऊ असेल तर मऊच छापावा, आणि मोठा करून विरत असेल तर लहान छापावा.

प्रतिसाद, ऐरोली
स्कॅनबद्दल हे पटते, पण डिजिटल फोटोंना हा नियम लावता येणार नाही. अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे प्रतिमा किंचित धूसर करणारी गाळणी मुद्दाम बसवलेली असते आणि बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग शेजारच्या पिक्सेलांवरून काढला जातो. म्हणून थोडे शार्पनिंग लागतेच. धोका आहे तो दुहेरी शार्पनिंगचा. खाडीतल्या फ्लेमिंगोंचा फोटो मी घरी शार्प करून दिला, लॅबच्या यंत्राने स्वतःहून पुन्हा केला आणि पंखांभोवती खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ आली. यंत्रातले शार्पनिंग बंद ठेवायला सांगूनच फाइल द्यावी.

धागाकर्ता, नौपाडा
ही सूचना मोलाची आहे. नेरूळच्या प्रतिसादाला मात्र उत्तर द्यायला हवे. अनशार्प मास्क हे शार्पनिंगचे नेहमीचे तंत्र संगणकाच्या आधीचे आहे: डार्करूममध्ये निगेटिव्हवर तिचीच धूसर पॉझिटिव्ह प्रत ठेवून प्रिंट काढत. शिवाय हिशेब पाहा. माझी फाइल 2400 बाय 3600 पिक्सेलांची आहे, म्हणजे 12 बाय 18 इंचांत इंचाला 200 पिक्सेल येतात आणि एक पिक्सेल सुमारे 0.13 मिलिमीटरचा होतो. साठ सेंटिमीटरवरून निरोगी डोळ्याला साधारण 0.17 मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. त्रिज्या, म्हणजे कडेभोवतीच्या गडद-उजळ किनारीची रुंदी, एक पिक्सेल ठेवली तर ती किनार रेघ म्हणून दिसणार नाही, फक्त प्रत रेखीव वाटेल. पडद्यावर शंभर टक्के झूममध्ये तीच फाइल भडक दिसते, कारण तिथे पिक्सेल सहसा छापील प्रतीपेक्षा मोठा असतो. आणि थ्रेशोल्ड, म्हणजे किती फरकापुढची कड शार्प करायची ती मर्यादा, वाढवला की गालाचे बारीक दाणे बरेचसे वगळले जातात.

प्रतिसाद, नेरूळ
हिशेब बरोबर आहे, पण समारंभात कोणी साठ सेंटिमीटरवर थांबत नाही. चष्मा कपाळावर चढवून, तसबिरीला नाक टेकेल इतक्या जवळून लोक आपले माणूस शोधतात. नथ आणि शालूचे काठ यांना खुशाल शार्प करा. चेहऱ्याला मास्क लावून, म्हणजे तेवढा भाग शार्पनिंगपासून झाकून, तो पूर्ण वगळा.

धागाकर्ता, नौपाडा
चेहरा पूर्ण वगळला तर रेखीव नथीमागे तो अधिकच पुसट दिसेल, अशी मला भीती आहे. त्याच मॅट कागदाच्या ए-फोर तुकड्यावर चेहरा आणि नथ एवढाच भाग पूर्ण आकारात तीनदा छापून घेतो: एकदा शार्पनिंगशिवाय, एकदा चेहरा वगळून आणि एकदा सगळीकडे हलके. कोणती प्रत ठेवायची ते आजीच हातात घेऊन सांगेल.